ठासणीच्या बंदुकीचा नियम

पळसवाडी, पोलादपूर
८ फेब्रुवारी १९६३

सौ. आनंदी वन्सं यांना तुळसाचा नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटावर माझ्या नावाआधी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सौ. लिहायचं नाही आणि दुसरं लिहवत नाही, म्हणून जागा कोरी सोडलीत हे मला कळलं. बरं वाटलं.

तुमच्या दादांना जाऊन दोन महिने होत आले. वरी-नाचणी घरात आली, पेंढा रचून झाला, मग ते तापानं पडले. काम अर्धं टाकून गेले नाहीत, एवढं म्हणता येतं.

आज लिहिते आहे ते बंदुकीविषयी. दिवसकार्य झाल्यावर पाटील आले. म्हणाले, परवाना माणसाच्या नावाचा असतो, माणूस गेला की परवाना संपला, बंदूक ठाण्यात जमा करावी लागेल. मी नाही म्हटलं नाही. मीच तिला तेल लावून धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिली. चुलीच्या घरात ती ज्या कोपऱ्यात उभी असायची, तिथली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा गोरी आहे. धूर तेवढ्या जागेला कधी लागलाच नाही. येता-जाता नजर तिथंच जाते.

मागल्या आठवड्यात मी पोलादपूरला ठाण्यात गेले होते. जमादार माणूस भला आहे. त्यानं बसायला दिलं आणि म्हणाला, "बाई, गेल्या दसऱ्याच्या सुमाराला दिल्लीचा नवा कायदा लागू झाला. आमचं जुनं पुस्तक बाद. नवं इथं अजून आलं नाय. बाईमाणसाच्या नावावर बंदूक होती का नाय, मी कशाच्या जोरावर सांगू? तुमचं मुंबईला कोण असंल तर नेमका नियम काढून आणा. मी अर्ज पुढं धाडतो." पावसाळा सरेपर्यंत कोणाचा अर्ज आला नाही तर बंदूक अलिबागला जाणार आणि सरकारजमा होणार. मग ती परत मिळत नाही.

कुशाबा भावोजी म्हणतात, "जाऊं दे गो वयनी, जुना लोखांड ता." चुलत असले तरी भाऊच ते, माझ्या भल्याचंच बोलतात. पण मला बंदूक घरात हवी आहे.

तुम्हाला आठवतं का, दर साली परवाना नवा करून आणला की दादा मला त्याच्या पाठीमागचं बारीक छापलेलं वाचायला लावायचे. गुळाच्या पुड्यांच्या कागदावर अक्षरं शिकलेली मी, अडखळत वाचायची. ते विडी विझवून ऐकायचे आणि म्हणायचे, "काय म्हनतोय दिल्लीवाला?" त्यांच्या मनात तो एकच कोणी माणूस होता, दिल्लीला बसून नियम लिहिणारा. आणि शेवटी ठरलेलं विचारणं, "त्याला आपली पळसवाडी ठाव हाय का?" मी म्हणायची, कशाला ठाव असेल.

तर वन्सं, त्या दिल्लीवाल्यानं काय लिहिलं आहे ते शोधाल का? तुमच्या घरी भावोजींना आशीर्वाद.

तुळसा


शिवडी, मुंबई
२४ फेब्रुवारी १९६३

प्रिय वहिनी,

सवतीसाठी एवढा जीव टाकणारी बाई मी पहिलीच पाहते. दादा त्या बंदुकीला थोरली म्हणायचा आणि तुम्हाला धाकटी. "आधी थोरलीला तेल, मग धाकटीच्या हातची भाकर." तुम्ही रागानं तव्यावर उलथनं आपटायचात आणि मी दहा वर्षांची, पोट धरून हसायची. आज हे लिहिताना हसू येत नाही, पण तोंड आपोआप तसं होतं.

नियम शोधायचं म्हणजे काय ते आता मला कळलं. चर्नी रोडला सरकारी पुस्तकांचं दुकान आहे. तिथं गेले. काउंटरवरचा म्हणाला, "कायदा पाहिजे की नियम?" मी म्हटलं, दोन्ही एकच ना? तो म्हणाला, कायदा संसदेनं केलेला, नियम केंद्र सरकारनं त्या कायद्याखाली केलेले, आणि त्यात बदल झाला की तो राजपत्रात वेगळा छापतात. मी म्हटलं, मग नियमच द्या. नियमांचं पुस्तक आणलं. सगळं इंग्रजीत.

हे गोदीतून आल्यावर कंदील पुढ्यात घेऊन बसले. यांचं इंग्रजी पेट्यांवरची नावं वाचण्यापुरतं. शेवटी नाक्यावरच्या वाचनालयात एक पेन्शनर गृहस्थ रोज बसतात, त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचून सांगितलं, "यात अर्जाचा नमुना आहे, परवान्याचे प्रकार आहेत. पण परवाना कोणाला द्यावा हे म्हणतं कायद्याच्या अमुक कलमात पाहा." म्हणजे पुन्हा चर्नी रोड. कायदा त्या दिवशी संपला होता. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात या. सोयरीक जुळवायला गेल्यासारखं झालं आहे. हा म्हणतो त्या घरी विचारा, तो म्हणतो या घरी.

पण वहिनी, एक सांगा. तुम्हाला बंदूक कशाला हवी? पिकातली डुकरं हाकायला कुशाबा दादा डबे वाजवतीलच. ते तुम्ही लिहिलं नाहीत.

तुमची आनंदी


पळसवाडी
१७ मार्च १९६३

सौ. वन्संना नमस्कार.

माझ्यासाठी तुमची पायपीट होते आहे. भावोजींच्या डोळ्यांना त्रास देऊ नका.

शिमगा झाला. पालखी दारात आली तेव्हा पुढं नाचायला आपल्या घरचं कोणी नव्हतं. कुशाबा भावोजी नाचले, पण पालखी दारातून लवकर हलली. दादा तिला हलू द्यायचे नाहीत, आठवतं ना, पुजारी ओरडायचा, "आरं सयाज्या, सोड, अजून सगळी वाडी रायलेय."

बंदूक कशाला हवी ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. लिहिलं तर तुम्ही हसाल नाहीतर रडाल, आणि मला दोन्ही नको. माझं मी ठरवलं आहे. आता मला कशाची भीती उरलेली नाही.

गाय कुशाबा भावोजींकडे दिली. तुमच्या आईची पुतळ्यांची माळ माझ्याकडे होती, ती येत्या शनिवारी महाडहून मुंबईला येणाऱ्या मास्तरांच्या हाती पाठवते. आता ती माझ्या गळ्यात घालायची नाही, तुमच्या गळ्यात शोभेल. पेटीतली दोन लुगडीही त्यात आहेत. मुंबईला येऊन राहा म्हणाल, पण मी इथून हलणार नाही.

कायदा मिळाला की कळवा.

तुळसा


शिवडी, मुंबई
२० एप्रिल १९६३

वहिनी,

माळ मिळाली. तुम्ही कशाला पाठवलीत?

कायदा शोधला. पेन्शनर काकांनी पुष्कळ पाहिलं. आपल्या कामाचं त्यात काही सापडत नाही. बाईच्या नावावर होईल असं कुठंच लिहिलेलं नाही. तेव्हा बंदुकीचा विचार सोडा, ती जाईल तिथं जाऊ दे.

तुम्ही वैशाखात इकडे या. यायलाच हवं. मास्तर पुन्हा मुंबईला येतील, त्यांची सोबत आहे. तोपर्यंत रात्री तुमच्याकडे झोपायला कोण असतं? शेजारच्या रंगूबाईला बोलवा. एकट्या राहू नका. गाय परत आणा. दुभती नसली तरी दारात जनावर असलं की सकाळी उठावं लागतं.

आनंदी


पळसवाडी
२ जून १९६३

सौ. वन्संना नमस्कार.

उत्तराला उशीर केला, कारण राग आला होता आणि रागात लिहायचं नव्हतं. आता राग नाही.

वन्सं, तुम्ही शहाण्या आहात, पण वाडी सोडून फार वर्षं झाली तुम्हाला. तुम्ही रंगूबाईला पत्र लिहिलंत. या वाडीत कोणाचंही पत्र आलं तर ते वाचून कोण दाखवतं हे तुम्ही विसरलात.

रंगूबाई पदरात पत्र लपवून आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "तुळसा, आनंदीनं लिवलाय. वर खासगी लिवलाय, कोनाला नको सांगू आसां पोस्टमन बोलला. वाच गो, काय हाय ता." मी दिव्याजवळ धरलं आणि वाचायला लागले. तुम्ही लिहिलं होतंत: "रंगूकाकी, तुळसा वहिनीचं मन ठिकाणावर नाही. तिनं गाय देऊन टाकली, आईची माळ मला पाठवली, लुगडी पाठवली. आता ती दादाची बंदूक मागते आहे. मला फार भीती वाटते. तिला एकटी सोडू नका. नियम मला मिळाला आहे, पण मी तो तिला कळवणार नाही. हे तिला कळू देऊ नका."

मी सगळं वाचलं. एक ओळ गाळली नाही. आवाजही बदलू दिला नाही. रंगूबाई माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग म्हणाली, "ही तुळसा म्हंजे कोन, तूच ना गो?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग मी आता काय करू?" मी म्हटलं, झोपायला ये, पत्रात लिहिलं आहे ना. तेव्हापासून ती रोज येते. घोरते फार.

वन्सं, गाय दिली कारण तिला डोंगरात चारायला नेणारे ते होते, माझे गुडघे चढत नाहीत. माळ दिली कारण विधवेनं पेटीत सोनं ठेवून काय करायचं. तुम्ही जे मनात आणलंत ते माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात आलं होतं. पण ते विहिरीचं होतं, बंदुकीचं नव्हतं, आणि ते गेलं. आता तुम्हाला कारण सांगते. हसा नाहीतर रडा.

लग्न होऊन आले त्या साली नाचणी पिकायला लागल्यावर ते राखणीला वरच्या माळ्यावर, शेतातल्या मचाणावर, जाऊ लागले. मी नवी, घरात सासूबाई आणि तुम्ही. मी विचारलं, जेवायला केव्हा याल? ते म्हणाले, "दिवेलागनीला बार काढीन. बार आयकलास का भाकर टाक. ती शेकंपरत मी दारात." तेव्हापासून भादव्यापासून कार्तिकापर्यंत रोज तसंच. नळीच्या तोंडातून नुसती दारू आणि काथ्याचा बोळा ठासायचा. छर्रा त्यांनी कधी भरला नाही, तुम्हाला माहीत आहे, त्यांना डुकराचीही दया यायची. बार झाला की नदीपलीकडच्या खांडवाडीतून चांगू हाक द्यायचा, "होऽ सयाजीऽ". दोघं उभ्या आयुष्यात बाजारात चार वेळा भेटले असतील. पण ती हाक आली नाही तर हे जेवताना म्हणायचे, "चांगूला बरा नाय वाटतां."

बार, मग हाक, मग तव्यावर माझी भाकर. एवढंच वन्सं. आता दिवेलागण होते आणि मला कळत नाही भाकर केव्हा टाकायची. कधी लवकर टाकते, कधी पीठ मळून तशीच बसून राहते. पुढल्या भादव्यात नाचणी निसवेल, कणसं बाहेर येतील आणि तेव्हाही या बाजूनं आवाज झाला नाही, तर ते गेले हे मला दुसऱ्यांदा सोसावं लागेल. म्हणून बंदूक हवी. डुकरं पळाली तर बरंच आहे.

नियम मिळाला आहे ना? पाठवा.

तुळसा


शिवडी, मुंबई
१४ जून १९६३

प्रिय वहिनी,

वाचताना ठसका लागल्याचं करून दोन ओळी गाळता आल्या नसत्या का? यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं तर हे हसत हसत बाहेर गेले आणि बराच वेळ गॅलरीत पाठ करून उभे राहिले.

मी रडले. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तो बार माझ्याही कानात आहे. मी अंगणात लंगडी खेळत असायची आणि बार झाला की आई म्हणायची, "पाय धू, दादा येतोय." मुंबईत दिवाळीला फटाके वाजतात तेव्हा अजून माझी नजर पायांकडे जाते. पण तुम्ही इतकी वर्षं त्या आवाजावर भाकर टाकत होतात हे मला कधी दिसलंच नाही. मला वाटायचं, भाकर आपली होते.

आता नियम. मार्च संपताना कायदा मिळाला होता. पेन्शनर काकांनी इंग्रजी उतरवून दिलं आणि खाली मराठी लिहिलं, ते सोबत आहे. त्यांनी आणि मी सबंध पुस्तक चाळलं. एका कलमात परवाना कोणाला मिळत नाही त्यांची यादी आहे, वयानं लहान, वेडसर, शिक्षा झालेले असे. त्यात बाई नाही. दुसऱ्या कलमात परवाना कोणाला द्यावा ते आहे. तिथं पुरुष असंही नाही आणि बाई असंही नाही. भारताचा नागरिक, एवढंच आहे.

आणि त्यापुढचं नीट वाचा. काका एकेक शब्द बोटानं दाखवत वाचत होते, आणि तिथं आल्यावर मी त्यांना थांबवून पुन्हा वाचायला लावलं. नागरिकाला पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर अधिकाऱ्यानं परवाना द्यावा. ठासणीची बंदूक, वहिनी. पिकाची राखण. दिल्लीच्या कायद्यात छापलेलं आहे. तिथं बसून कोणीतरी हे लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एखादा माळा असणार आणि माळ्यावर एखादा माणूस.

दादाला आता उत्तर द्या. त्याला ठाव हाय.

अर्ज महाडमार्गे अलिबागला, जिल्ह्याच्या साहेबांकडे जाईल. तुम्ही शेती करता याचा दाखला लागेल. बंदूक जमा केल्याची ठाण्याची पावती जोडा.

तुमची आनंदी


पळसवाडी
९ ऑगस्ट १९६३

सौ. वन्संना नमस्कार.

तुमचा कागद मिळाला त्या दिवशी रंगूबाई यायच्या आधी मी तो चुलीच्या घरात मोठ्यानं वाचला. नेहमीसारखा, अडखळत. शेवटी मीच विचारलं आणि मीच सांगितलं. मग पीठ मळलं.

अर्जाला वेळ लागला. सावित्रीला पूर होता, महाडात पाणी शिरलं होतं, येष्टी पोलादपूरच्या पुढं जात नव्हती. पाणी उतरल्यावर कुशाबा भावोजी सोबत आले. महाडच्या कचेरीतला कारकून तरुण आहे. त्यानं कागद दोनदा वाचला. म्हणाला, "आमच्याकडं हे पुस्तक परवाच आलं, अजून दोराही सोडला नाही." मग त्यानं पुस्तक काढलं, दोरा सोडला, आणि आम्ही दोघांनी मिळून कलम शोधलं. इंग्रजी मला येत नाही, पण काकांच्या अक्षरातला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी मी जुळवून दाखवला. तो खूश झाला. म्हणाला, पुढच्या माणसाला आता लवकर सांगता येईल.

मग मान वर करून त्यानं विचारलं, "बाई, बंदूक चालवता येते का?" मी म्हटलं, भरता येते, चालवलेली नाही. तो म्हणाला, "मग राखण कशी करणार?" कुशाबा भावोजी आत्तापर्यंत दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सायब, ती शिकंल. मी शिकवीन. जुना लोखांड हाय, पन आवाज चांगला हाय." मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते छत्रीचं पाणी झटकत होते.

शेतीचा दाखला मिळाला. कागद अलिबागला गेले. चौकशीला माणूस येईल म्हणाले. नाचणीची लावणी झाली, डोंगरउतारावरच्या आवटाच्या दळीत यंदा चांगली आली आहे.

तुळसा


शिवडी, मुंबई
३० सप्टेंबर १९६३

प्रिय वहिनी,

दसरा झाला, तुमचं पत्र नाही. गणपतीला येणार होते, पण यांची रजा मिळाली नाही. चौकशीला कोणी आलं का? अलिबागहून काय कळलं? नाही म्हणाले असतील तरी लिहा. मी पुन्हा चर्नी रोडला जाते. नकाराविरुद्ध दाद कुठं मागायची तेही कायद्यात आहे, काकांनी खूण घालून ठेवली आहे.

आनंदी


पळसवाडी
६ ऑक्टोबर १९६३

सौ. वन्संना नमस्कार.

खूण राहू द्या, लागणार नाही. चौकशीचा माणूस गणपतीनंतर येऊन गेला.

दसऱ्याला बंदूक आली नाही. मी कोयता आणि विळे पुजले आणि कोपऱ्यात नुसतं सोनं ठेवलं, आपट्याचं. चार दिवसांनी जमादारानं परवाना आल्याचा निरोप धाडला आणि आम्ही बंदूक घरी आणली. परवान्यावर माझं नाव आहे, त्याआधी काहीच लिहिलेलं नाही. तुळसा सयाजी, एवढंच. तुमच्या पाकिटासारखं.

कुशाबा भावोजींनी महाडहून परवान्यावर बंदुकीची दारू आणली. काल तिन्हीसांजेला आम्ही वर माळ्यावर गेलो. माझे गुडघे दुखत होते, दोनदा बसले. दारू मी भरली, काथ्याचा बोळा मी ठासला. भावोजी म्हणाले, "खांदा घट धर गो वयनी, थोरली लाथ मारते." त्यांनाही ते नाव माहीत होतं.

बार काढला. खांदा अजून दुखतो आहे. धूर डोळ्यात गेला आणि मला काही दिसेना. आवाज पलीकडच्या डोंगराला लागून परत आला आणि मग काहीच नाही. नदीचा आवाज तेवढा. भावोजी म्हणाले, "चांगूला ठाव हाय सयाजी नाय ता. तो कशाला हाक दील." मी म्हटलं, बरोबर आहे. आम्ही उतरायला लागलो.

अर्ध्यावर आलो तेव्हा खांडवाडीतून हाक आली. चांगूचा आवाज म्हातारा झाला आहे. "होऽऽ," एवढंच म्हणाला आणि थांबला. नाव काय घ्यावं ते त्याला कळत नसणार. मग पुन्हा म्हणाला, "होऽऽ, आयकलाऽऽ."

घरी आले तर चुलीचा धूर कौलांतून निघत होता. रंगूबाई चुलीपुढं बसली होती, तव्यावर भाकर होती, पहिली उतरून झाली होती. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं टाकायला?

ती म्हणाली, "बार झाला नव्हं?"

मी बंदूक कोपऱ्यात तिच्या जागी उभी केली आणि हात धुऊन पानावर बसले.

तुळसा